टीबीची फाईल, शुगरची फाईल

‘शुगर आहे’ हे आता आपल्याकडे आजार म्हणून सांगितलंच जात नाही. ते चहा ओतताना सांगितलं जातं. ‘मला बिनसाखरेचा हं, शुगर आहे माझी.’ त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. उलट चार बायका लगेच आपापले मेथीचे नि जांभळाच्या बियांचे उपाय सांगायला लागतात. टीबीचं तसं नाही. टीबी आवाज खाली आणून सांगितला जातो, नाहीतर सांगितलाच जात नाही. ‘छातीत जरा कफ साठलाय’, ‘न्यूमोनियासारखं काहीतरी म्हणाले डॉक्टर’ असं म्हणून वेळ मारून नेली जाते. एक दुखणं चारचौघांत आणि दुसरं दाराआड. त्यामुळे ही दोन्ही दुखणी एकाच माणसाच्या अंगात एकत्र राहू शकतात, इतकंच नव्हे तर एकमेकांना धरून राहतात, हे आपल्या लक्षातच येत नाही.

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली गृहिणी आहे. सकाळचे डबे आवरले की ठाणे-कळव्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वस्त्यांमध्ये मंडळाच्या कामासाठी हिंडते, एवढंच. पण हिंडता हिंडता एक गोष्ट सारखी दिसायला लागली. टीबीची औषधं वेळेवर घेऊनही ज्या बायकांचं वजन वाढत नव्हतं, खोकला हटत नव्हता, त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाटात दुसरी एक प्लास्टिकची पिशवी निघायची. शुगरची. ती पिशवी टीबीच्या डॉक्टरांना कधी दाखवलेलीच नसायची. का, तर ‘त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.’

आकडे थोडे सांगते. आयसीएमआरची जी मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. टीबीचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात भारतात सुमारे २८ लाख लोकांना टीबी झाला. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे एक आपला. पेपरात हे आकडेही वेगवेगळ्या दिवशी येतात बघा. टीबीचा २४ मार्चला, मधुमेहाचा १४ नोव्हेंबरला. दोन्ही एका पानावर क्वचितच दिसतात.

आता यांचा एकमेकांशी संबंध काय? टीबीचे जंतू शरीरात शिरले म्हणजे लगेच टीबी होतो असं नाही. जगातल्या सुमारे पाव लोकांच्या शरीरात ते निजलेले असतात म्हणतात, आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना कोंडून ठेवते. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की हा पहारा ढिला पडतो आणि निजलेले जंतू जागे होतात. मधुमेह असलेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा दोन ते तीन पट जास्त असते. एवढ्यावर थांबत नाही. टीबी झाला की त्या तापानं, त्या ताणानं साखर आणखी वर चढते. साखर चढलेली राहिली की थुंकीतले जंतू जायला वेळ लागतो, औषधं लागू न पडण्याची, बरं होऊन पुन्हा टीबी उलटण्याची आणि जिवावर बेतण्याची भीती वाढते. असं हे रहाटगाडगं.

२०१२ साली आपल्या देशातल्या निरनिराळ्या केंद्रांवर ८ हजारांहून जास्त टीबी रुग्णांची साखर तपासली गेली. १०० रुग्णांमागे १३ जणांना मधुमेह निघाला. त्यातल्या ८ जणांना तो आधीपासून ठाऊक होता. उरलेल्या ५ जणांना टीबीच्या निमित्तानं पहिल्यांदाच कळलं. हे पाच मला फार महत्त्वाचे वाटतात. टीबीसाठी कुणी बोट टोचलं नसतं तर ते तसेच सहा महिने गोळ्या गिळत राहिले असते आणि मग ‘औषध लागत नाही’ म्हणून सोडून बसले असते. त्याच सुमाराच्या अभ्यासांत तामिळनाडूत चार टीबी रुग्णांमागे एक मधुमेही निघाला, तर केरळात १०० पैकी ४४. म्हणजे जिथे मधुमेह जास्त, तिथे ही जोडगोळीही जास्त. आपल्या शहरांची खाण्या-बसण्याची तऱ्हा कुठल्या दिशेनं चालली आहे ते आपल्याला दिसतंच आहे.

जगात ही जोडगोळी फार ठळकपणे नजरेत भरली ती पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेटांवर. किरिबाटी नावाचा एक बेटांचा देश आहे. तिथे टीबी रुग्ण आणि टीबी नसलेले लोक यांची साखर तपासून तुलना केली गेली. टीबी नसलेल्यांत १०० पैकी १९ जणांना मधुमेह निघाला, टीबी रुग्णांत ३७ जणांना. जवळजवळ दुप्पट. ही माणसं एके काळी मासे, नारळ, फणसासारखं ब्रेडफ्रूट खाऊन राहणारी. मग जहाजांतून तांदूळ, मैदा, साखर आणि डब्यातलं मांस यायला लागलं. होडी वल्हवणं कमी झालं. मार्शल बेटांमध्ये एबाय नावाचं बेट आहे, अवघं ८० एकरांचं, आणि त्यावर दहा हजारांच्या आसपास माणसं दाटीवाटीनं राहतात. घरात माणसं जास्त आणि हवा कमी, आणि ताटात सगळं विकतचं. टीबीला आणि मधुमेहाला एकदमच आवतण.

कुणी म्हणेल, कुठलं किरिबाटी आणि कुठलं कल्याण! पण जरा विचार करा. ठाणे शहर तरी काय आहे? साष्टी बेटाचंच एक टोक. खाडीवरून दिवसातून दोनदा गाडीनं जाताना आपण ते विसरून गेलो आहोत. आपल्या खाडीकाठच्या गावांमध्ये शेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती, तोवर तिन्ही त्रिकाळ भात खाल्ला तरी जिरत होता. जमिनी गेल्या, इमारती आल्या. भात तेवढाच राहिला, चालणं तेवढं गेलं. त्यात बाहेरगावाहून आलेल्या माणसांनी भरलेल्या चाळी, दहा बाय बाराची खोली, खिडकी एक आणि तीही समोरच्याच्या भिंतीवर उघडणारी. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री उशिरा भरपेट जेवण. एबायचं आणि आपलं गणित काही फार वेगळं नाही.

फरक आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. एबायवर २०१७ साली आणि मार्शल बेटांची राजधानी माजुरो इथे २०१८ साली सगळ्यांची तपासणी करायची ठरली, तेव्हा टीबी आणि मधुमेह एकाच ठिकाणी, एकाच फेरीत तपासले गेले. माजुरोत वीस हजारांहून जास्त माणसं तपासली. बेट लहान, माणसं मोजता येण्याजोगी, हे खरंच. पण तिथे मला कौतुक वाटलं ते एका टेबलाचं. आपल्याकडे टेबलं दोन आहेत.

तसं कागदावर आपणही मागे नाही. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आणि टीबीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय युनियननं मिळून सांगितलं की टीबी रुग्णाची साखर बघा आणि मधुमेह्याला टीबीची लक्षणं विचारा. २०१७ साली आपल्या केंद्र सरकारनंही तसा आराखडा काढला. त्यातला पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी होतो, असं माझं पाहणं आहे. सरकारी टीबी केंद्रात नाव नोंदलं की साखर तपासली जाते. दुसरा अर्धा मात्र हवेत राहतो. कारण सोपं आहे. आपल्याकडची शुगरची बहुतेक माणसं सरकारी दवाखान्यात जातच नाहीत. ती नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जातात, संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत. डॉक्टर रिपोर्ट बघतात, गोळी वाढवतात, ‘भात कमी करा’ सांगतात, पुढचा पेशंट. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? संध्याकाळचा ताप येतो का? वजन उतरतंय का? रात्री घाम येतो का?’ हे चार प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. पण ते मिनिट कुणाकडे नसतं.

आणि यातला सगळ्यात फसवा प्रश्न वजनाचा. एक काकू सांगते. कल्याण पूर्वेला राहतात, पन्नाशीच्या आत-बाहेर, शुगर जुनी. वर्षभरात बारीक झाल्या. सोसायटीत सगळ्या म्हणाल्या, ‘छान उतरवलंत हो वजन!’ त्याही खूश. मग थकवा आला, तेव्हा म्हणे शुगरनंच थकवा येतो. खोकला झाला, तेव्हा म्हणे समोर बांधकाम चालू आहे, धूळ येते. प्रत्येक गोष्टीला एक कारण तयार. मधुमेहात वजन उतरतं, थकवाही येतो, त्यामुळे टीबीला लपायला याच्याहून चांगली जागा नाही. शेवटी थुंकी तपासली तोवर पाच महिने उलटले होते. घरात दोन वर्षांचा नातू. त्याला संसर्ग झाला नव्हता, पण ते कळेपर्यंतचे चार दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

असं फक्त काकूंचंच होतं असं नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात छातीची लक्षणं असलेल्या लोकांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. आणि का गेला नाहीत म्हटल्यावर बहुतेकांचं उत्तर एकच, ‘दुर्लक्ष केलं.’ यात बायका किती होत्या ते मला नका विचारू. पण ‘आधी सगळ्यांचं होऊ दे, मग माझं बघू’ हे वाक्य कुठल्या घरात बोललं जातं आणि कोण बोलतं, ते तुम्हा-आम्हाला पाठ आहे. घरात ग्लुकोमीटर असतो, पण त्याच्या पट्ट्या महाग, म्हणून त्या ‘ह्यांच्या’साठी राखून ठेवलेल्या असतात.

लपवाछपवीचं दुसरं कारण अर्थातच भीती. मुलीचं लग्न ठरायचंय, सुनेला माहेरी पाठवतील, भांडी वेगळी ठेवतील. आणि ही भीती काही आजची नाही. आपल्या कल्याणनं तर तिचं फार मोठं मोल मोजलंय. आनंदीबाई जोशी यांचं बालपण कल्याणातच गेलं, लग्नही तिथंच झालं. समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नसताना, क्षयानं गेल्या. रॉबर्ट कॉखनं टीबीचा जंतू शोधला तो १८८२ साली, म्हणजे जंतू सापडला होता, पण औषध नव्हतं. ते यायला आणखी साठएक वर्षं लागली. आज औषध आहे, फुकट आहे. थुंकीची आधुनिक तपासणीही सरकारी केंद्रात फुकट होते. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि ती नोंद झाली की सरकारी मदतीवर त्या रुग्णाचाही हक्क असतो. भांडी वेगळी ठेवायची तर मुळीच गरज नाही. टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडा, तोंडावर रुमाल धरा आणि गोळ्या चुकवू नका.

आता मी खरी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले, तिच्याकडे येते. ती म्हणजे आपलं स्वयंपाकघर. कारण दोन टेबलांवरून मिळालेले दोन सल्ले शेवटी येऊन आदळतात ते आपल्या ओट्यावर.

टीबीच्या केंद्रात सांगतात, ‘भरपूर खा. दूध प्या, अंडी खा, वजन वाढलं पाहिजे.’ शुगरचे डॉक्टर सांगतात, ‘कमी खा. भात बंद, बटाटा बंद, गोड बंद, फळं बंद.’ दोन्ही बरोबर. पण दोन्ही एकाच बाईला सांगितलं तर तिनं करायचं काय? मी घरोघरी जे पाहिलंय ते सांगते. एका घरात सासूबाईंनी ‘टीबी म्हणजे अशक्तपणा’ म्हणून तुपातले डिंकाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, केळ्याचं शिकरण, वर बाजारातली शक्तीची पावडर असा मारा केला. ती पावडर डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं तर निम्म्याच्या आसपास साखरच. सुनेची शुगर तीनशेच्या वर. दुसऱ्या घरात उलट. नवऱ्यानं मोबाईलवर काय काय पाहून बायकोला दोन भाकरीच्या चतकोरांवर आणि कारल्याच्या रसावर ठेवलं. शुगर उतरली, पण वजन ३८ किलोवरून ३६ वर आलं, आणि टीबीच्या गोळ्या रिकाम्या पोटी गेल्यामुळे उलट्या. तिनं गोळ्याच सोडल्या. आणि तिसऱ्या प्रकारची घरं सगळ्यात जास्त, जिथे बाई गोंधळून जाते आणि जे सगळ्यांसाठी केलंय त्यातलं उरलेलं खाते.

यावर एका आहारतज्ज्ञ ताईंनी जे सांगितलं ते मला फार पटलं. त्या म्हणाल्या, टीबी झालेल्या मधुमेह्यानं उपाशी राहायचं नाही, तर ताटातल्या वस्तूंची अदलाबदल करायची. पोट भरू द्या, पण भरायचं काय ते बदला. गोड आणि साखर बंद, ते दोन्ही आजारांत बंद. भात एक मूद, तोही वरणासोबत. भाकरी ज्वारीची, नाचणीची. आणि मग प्रथिनं, म्हणजे डाळ, मूग-मटकीची उसळ, अंडी, पनीर नाही परवडलं तर घरचं दही-ताक, मूठभर शेंगदाणे. आपल्या खाडीकाठच्या मैत्रिणींना तर मी सांगेन, तुमच्या घरात सोनं पडलंय. सुकट, सुके बोंबील, जवळा! शंभर रुपयांत आठवडाभर पुरतं. (मीठ मात्र धुऊन घ्या, बीपी असेल तर फार नको.) केळं हवंच असेल तर अर्धं, तेही जेवणानंतर लगेच नको. दर महिन्याला वजन आणि दर आठवड्याला साखर, दोन्ही लिहून ठेवायचं. वजन वाढायला हवं आणि साखर उतरायला हवी. दोन्हीपैकी एकच होत असेल तर कुठेतरी चुकतंय. अर्थात प्रत्येकीचं मूत्रपिंड, वय, औषध वेगळं, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

खाणं किती मोठी गोष्ट आहे, ते झारखंडमध्ये केलेल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवून दिलंय. २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. टीबी रुग्णांच्या घरच्यांना नीट धान्य-डाळ मिळाली, तेव्हा त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. कुठलीही नवी लस नाही, नुसतं अन्न. म्हणून सरकारची निक्षय पोषण योजना मला महत्त्वाची वाटते. २०१८ साली ती सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात, उपचार चालू असेपर्यंत, थेट बँक खात्यात. पण खातं कुणाचं? आमच्या वस्तीत कित्येक बायकांचं स्वतःचं खातं चालू स्थितीत नसतं. पैसे आले तर ते रिक्षाच्या हप्त्यात नाहीतर मुलाच्या क्लासच्या फीमध्ये जिरतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, गरज खरीच असते. पण हजारातले निदान चारशे तरी अंडी-डाळीला वेगळे बांधून ठेवा, एवढं मी प्रत्येक घरी सांगते. आणि ‘निक्षय मित्र’ म्हणून रुग्णाला धान्याची टोपली देणाऱ्या दानशूर मंडळींनाही माझी एक विनंती असते. टोपलीबरोबर बिस्किटांचे पुडे आणि साखर घालण्याआधी विचारा तरी, घरात शुगर आहे का?

स्वयंपाकघरातून आता गोळ्यांच्या डब्याकडे. पूर्वी डॉट्सच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा असत. २०१७ पासून त्या रोज घ्यायच्या असतात, वजनाप्रमाणे. साधा टीबी असेल तर पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. त्यात रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, ज्यानं लघवी केशरी होते. घाबरायचं कारण नाही, ते औषध काम करतंय. पण हे रिफाम्पिसिन मोठं चमत्कारिक आहे. शुगरच्या बऱ्याच गोळ्यांचा असर ते कमी करतं. म्हणजे गोळी तीच, खाणं तेच, आणि साखर मात्र वर. बाईला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, घरचे म्हणतात ‘चोरून गोड खातेस’. किती जणी निष्कारण बोलणी खातात! म्हणूनच काही रुग्णांना डॉक्टर तेवढ्यापुरतं इन्शुलिन देतात. इन्शुलिन म्हटलं की ‘आता संपलं’ असा चेहरा करू नका. बऱ्याचदा ते तात्पुरतं असतं. तरुण मैत्रिणींसाठी आणखी एक, फारसं कुणी न सांगणारं. गर्भनिरोधक गोळ्यांचाही असर रिफाम्पिसिन कमी करतं. टीबीचे उपचार चालू असताना त्या गोळ्यांवर विसंबू नका, डॉक्टरांकडून दुसरा मार्ग विचारून घ्या. संकोच करू नका.

आणखी दोन गोष्टी. टीबीच्या आयसोनियाझिड या औषधानं काहींच्या हातापायांना मुंग्या येतात. जुन्या मधुमेहातही येतात. दोन्ही एकत्र असतील तर त्रास वाढतो, म्हणून बरोबर बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी देतात. ती ‘ही कसली साधी व्हिटॅमिनची’ म्हणून टाकून देऊ नका. एथॅम्ब्युटॉलनं क्वचित नजरेवर परिणाम होतो, आणि मधुमेहात डोळे आधीच नाजूक. लाल-हिरव्या रंगात गल्लत व्हायला लागली किंवा धूसर दिसायला लागलं तर ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून थांबायचं नाही, दुसऱ्याच दिवशी केंद्रात जायचं.

टीबीच्या सुरुवातीला वाढलेली साखर ही कधी कधी नुसती तापाची साखर असते, ताप उतरला की तीही उतरते. त्यामुळे पहिल्याच रिपोर्टवर जन्माचा मधुमेही असा शिक्का मारून घ्यायचं कारण नाही. आणि ‘तापामुळे वाढली असेल’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी मागायची. मागायची, हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपण दवाखान्यात गेलो की जे मिळेल ते घेतो. एका ओपीडीत मी एका बाईबरोबर गेले होते. तिनं हळूच विचारलं, ‘साहेब, शुगर पण बघता का?’ तर त्यांनी ‘ते इथे नाही, तिकडे’ असं हातानंच दाखवलं. ‘तिकडे’ गेलो तर तिथली वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी तिची धुण्याभांड्यांची कामं बुडणार म्हणून ती गेलीच नाही. पंधरा दिवसांनी तिला अक्षरशः ओढत नेली. साखर निघाली.

मोठ्या उपायांची चर्चा तज्ज्ञ करतील. २०२४ मध्ये काही राज्यांत मोठ्या माणसांना बीसीजी लस देण्याचा उपक्रम झाला, त्यातल्या जोखमीच्या यादीत मधुमेही होते, म्हणजे वरच्या पातळीवर हे सगळं माहीत आहे. पण आपल्या महापालिकांनी एक साधी गोष्ट करायला काय हरकत आहे? टीबी केंद्र आणि शुगरची तपासणी एकाच दिवशी, एकाच मजल्यावर, एकाच कागदावर ठेवा. आणि नाक्यावरच्या खासगी डॉक्टरांना त्या चार प्रश्नांचा एक कागद टेबलावर चिकटवायला द्या. याला ना नवी इमारत लागते, ना उद्‌घाटनाची फीत.

ते होईपर्यंत आमच्या मंडळातल्या बायकांनी आपल्यापुरती एक पद्धत पाडली आहे. टीबी आणि शुगर दोन्ही असलेल्या प्रत्येकीची दोन्ही कागदपत्रं एकाच फायलीत लावायची, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना ती एकच फाईल न्यायची. कल्याण पूर्वेच्या त्या काकूंचीही तशीच फाईल केली. त्यांचे उपचार परवा संपले. वजन चार किलोनं वाढलं. आता कुणी ‘छान उतरवलंत’ म्हणत नाही, ‘अंगावर आलात हो’ म्हणतात. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, म्हणजे रिफाम्पिसिनही बंद. म्हणजे शुगरच्या औषधाचा वाढवलेला डोस आता जास्त पडून साखर एकदम खाली जाऊ शकते, घाम फुटून चक्कर येऊ शकते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्याच आठवड्यात शुगरच्या डॉक्टरांकडे जाऊन डोस कमी करून घेतला. टीबी उलटला नाही ना हे बघायला पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचंय. त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर सुनेनं पहिल्या तारखेला लाल पेनानं गोल केलाय, आणि उरलेल्या तीन तारखा फायलीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूनं लिहून ठेवल्या आहेत.